व्ह्यूज चढायला लागले की स्वतःला सांभाळायचं कसं?

पाटीपेन्सिल:

व्ह्यूज पडले की काय करायचं, यावर भरपूर बोललं जातं. थंबनेल बदला, शीर्षक बदला, टाकायची वेळ बदला, खचू नका. चढले की काय करायचं यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण तेव्हा सगळं छानच चाललंय असं वाटत असतं. मी शाळेचं गणित शिकवणारे व्हिडिओ करते. माझ्या आसपासची बरीच चॅनल वाढताना बघून माझं मत झालंय की माणूस बिघडतो तो चढत्या आकड्यांनी. पडत्या आकड्यांनी तो दुखावतो, थकतो, कधी सगळं सोडूनही देतो. पण निदान आपलं काय चुकतंय हे स्वतःला विचारतो. आकडे चढताना ते विचारणंच बंद होतं.

एक उदाहरण देते. एका ओळखीच्या चॅनलवर प्रेक्षक किती वेळ टिकतात, तो आलेख आम्ही दोघींनी शेजारी बसून पाहिला. विषय अपूर्णांकांचा भागाकार. जुन्या व्हिडिओत पहिल्याच वाक्यात प्रश्न होता, पाऊण भागिले पाव किती? पहिल्या अर्ध्या मिनिटात रेषा थोडी उतरत होती, ती बहुतेक सगळ्यांचीच उतरते. मग जवळजवळ सपाट, शेवटपर्यंत. त्याच विषयावरचा नवा व्हिडिओ चॅनल मोठं झाल्यानंतरचा. त्यात आधी नमस्कार, मग आपला परिवार किती मोठा झाला, कुणी काय कौतुक केलं, कुठे बोलावणं आलं. रेषा थेट खाली. आणि जिथे उदाहरण सुरू होतं तिथे ती पुन्हा वर! म्हणजे मुलं पट्टी पुढे ओढून बरोबर त्या जागी पोचत होती. त्यांना गणित हवं होतं आणि मधली मिनिटं त्यांनी सरळ ओलांडली होती.

आता गंमत बघा. एकूण व्ह्यूज नव्या व्हिडिओलाच जास्त होते, कारण चॅनल मोठं झालं होतं. नुसता वरचा आकडा पाहिला असता तर निष्कर्ष निघाला असता की आपलं शिकवणं सुधारलंय.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडलं, ते आपल्या कामाला तंतोतंत लागू पडतं. एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं की ते माप म्हणून निकामी होतं. व्ह्यूज हे लोकांना उपयोग होतोय का याचं एक ढोबळ माप होतं. आपण व्ह्यूजसाठीच व्हिडिओ करायला लागलो की त्या आकड्याला आपल्याला काही सांगता येत नाही.

शिवाय हे माप तरी कुठे पक्कं आहे? यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचा व्ह्यू मोजायची पद्धत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किमान अमुक सेकंद पाहायला हवा अशी अट नाही. त्यामुळे आकडे वाढले, पण पाहणारे तेच होते. कमाईसाठी आणि पात्रतेसाठी यूट्यूब आजही जुन्या पद्धतीचेच व्ह्यूज धरतं, यातच सगळं आलं. त्याआधी 2016 मध्ये फेसबुकला मान्य करावं लागलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. 3 सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणारे सरासरी काढताना गाळले जात होते. ज्यांनी त्या आकड्यावर विसंबून माणसं नेमली, माणसं काढली, त्यांचं काय झालं असेल?

तर अशा हलत्या आकड्यावर आपली स्वतःबद्दलची समजूत उभी करायची नाही, हे डोक्याला पटतं. हाताला पटत नाही, तो फोनकडे जातोच. तुम्ही काय करता?

अर्धविराम:

अगदी अगदी. त्यात आजूबाजूचे लोक हरभऱ्याच्या झाडावर चढवायला टपलेलेच असतात. "तू जे टाकशील ते चालतं" हे वाक्य ऐकायला यायला लागलं की सावध व्हावं. ते बोलणाऱ्याने बहुतेक वेळा शेवटचे दोन-तीन व्हिडिओ पाहिलेलेही नसतात.

मध्यगा:

माझं रोजचं काम आकडेवारीचं आहे, म्हणून एक गोष्ट घालते. एखादा व्हिडिओ अफाट चालला की पुढचा बहुतेक वेळा कमी चालतो. यात तुमचं काही बिघडलेलं नसतं. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1886 साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवर अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं होतं. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असली, तरी बहुधा आईवडिलांइतकी टोकाची उंच नसतात. टोकाच्या निकालात थोडा गुण असतो आणि थोडा योगायोग. पुढच्या वेळी गुण बरोबर येतो, योगायोग येईलच असं नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

घोटाळा असा होतो की चाललेल्या व्हिडिओचं सगळं श्रेय आपण घेतो आणि पुढच्याचा दोष अल्गोरिदमला देतो. किंवा उलट, पुढचा पडला म्हणून आपण संपलो असं समजतो. दोन्ही वेळा योगायोगाचा वाटा आपण शून्य धरलेला असतो.

हा वाटा किती मोठा असू शकतो हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी गायकगटांची 48 गाणी, 14 हजारांहून जास्त श्रोते. काही श्रोत्यांना नुसती गाणी दिसली, कुणी किती डाउनलोड केली ते दिसलं नाही. बाकीच्यांची 8 स्वतंत्र गटांत विभागणी केली आणि त्यांना आपापल्या गटातले डाउनलोडचे आकडे दिसत होते. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. आकडे दिसत होते तिथे वरच्या आणि खालच्या गाण्यांतलं अंतर वाढलं आणि कोणतं गाणं वर जाईल याचा अंदाज बांधणं जास्त कठीण झालं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

आपल्यातले बहुतेक जण त्या मधल्यांत आहोत. मला तरी यात मोठा दिलासा वाटतो. काम चांगलं ठेवणं हातात आहे, वर जाणं पूर्ण हातात नाही.

चाकोरीबाहेर:

चर्चा चांगली आहे, पण इथे मला थोडं अडायचंय. मी नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करतो. माझ्यासाठी आकडा म्हणजे घरखर्च. यूट्यूबने 2018 मध्ये कमाईसाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं ही अट घातली तेव्हा कितीतरी छोट्या चॅनलांची कमाई एका फटक्यात थांबली. 2023 मध्ये 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तासांची खालची पायरी आली, पण तिथे जाहिरातीतला वाटा मिळत नाही, प्रेक्षकांनी थेट दिलेल्या पैशांसारखे मोजके मार्ग उघडतात. जो या उंबरठ्याच्या अलीकडे उभा आहे त्याला "आकड्यांकडे बघू नका" म्हणणं हे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला संयम शिकवण्यासारखं आहे.

मी रोज आकडे बघतो आणि बघणारच. जाहिरातदाराशी बोलताना मला ते तोंडपाठ लागतात.

पाटीपेन्सिल:

चाकोरीबाहेर, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. बघू नका असं मला म्हणायचंच नाही. धंद्याचे आकडे वेगळे आणि मानाचे आकडे वेगळे, एवढंच म्हणणं आहे. तुम्ही जाहिरातदाराला जो आकडा सांगता तो धंद्याचा. त्याने तुमचा महिन्याचा हिशेब ठरतो, तो बघायलाच हवा. पण रात्री झोपताना त्याच आकड्यावरून आपण किती चांगले शिक्षक आहोत हे ठरवायला लागलो की तो मानाचा झाला. आकडा तोच, काम दुसरं, आणि दुसरं काम त्याला येत नाही.

मी हल्ली काय करते ते सांगते. आठवड्यातून एकदाच आकडे उघडते आणि उघडण्याआधी वहीत एक प्रश्न लिहिते. उदाहरणार्थ, "समीकरण फळ्यावर लिहिण्याऐवजी आधी शब्दांत सांगितलं, त्याने मुलं जास्त टिकली का?" मग तेवढंच बघते. प्रश्न नसेल तर उघडत नाही. प्रश्न लिहिलेला असला की आकडा उत्तरापुरता उरतो. नसला की आपण नकळत "मी कशी आहे?" हाच प्रश्न घेऊन आत जातो.

मानाच्या आकड्यांतही तुलना कुणाशी करायची ते बघा. दिसलेल्या थंबनेलपैकी किती टक्के लोकांनी क्लिक केलं याबद्दल यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनलांचं आणि व्हिडिओंचं प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या मध्ये असतं. एवढी रुंद पट्टी आहे. कुणी 9 टक्क्यांचा स्क्रीनशॉट मिरवला म्हणून 4 टक्केवाल्याने खाली मान घालायचं कारण नाही. तो व्हिडिओ कुणापुढे ठेवला गेला यावरच पुष्कळ काही ठरतं. आपल्याच नेहमीच्या प्रेक्षकांपुढे गेला तर टक्का चढतो, अनोळखी लोकांपुढे पसरला की उतरतो. म्हणजे व्हिडिओ दूरवर पोचत असतानाच टक्का घसरलेला दिसू शकतो.

मला स्वतःला परत येणारे प्रेक्षक हा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. एकदा शिकून गेलेलं मूल पुढच्या धड्याला परत आलं का?

चाकोरीबाहेर:

धंद्याचे आणि मानाचे ही विभागणी पटली. परत येणारे प्रेक्षक तर जाहिरातदारालाही सांगण्यासारखे आहेत. रोज बघणं मात्र सुटणार नाही, किमान हा महिना तरी.

मधलीओळ:

आकड्यांपेक्षा मला प्रतिक्रियांनी जास्त छळलंय, तिकडे जाऊ या का? शंभर चांगल्या आणि एक बोचरी असली तर दिवसभर ती एकच डोक्यात फिरते. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 साली मानसशास्त्रातले कितीतरी अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की वाईटाचा परिणाम चांगल्यापेक्षा जोरदार असतो, जवळजवळ सगळ्या क्षेत्रांत. म्हणजे हा आपला वैयक्तिक हळवेपणा नाही, माणसाची घडणच तशी आहे. हे कळल्यावर मी स्वतःवर चिडणं थांबवलं.

पण मूळ धाग्याच्या मुद्द्याशी याचा संबंध असा की, चॅनल वाढलं की बोचरी प्रतिक्रिया बाजूला सारायचं एक सोपं हत्यार हातात येतं: "जळतात!" हा शब्द फार वाईट. तो एकदा सापडला की खरी चूक दाखवणाराही त्याच गठ्ठ्यात जातो. मी पुस्तकांवर बोलते. एकदा कुणीतरी लिहिलं, "तुम्ही कथानक सांगता, मत सांगत नाही." खाली लगेच माझ्या बाजूने आठ-दहा जण त्याच्यावर तुटून पडले. मला ते आवडलंही. पण त्या माणसाचं वाक्य सात शब्दांचंसुद्धा नव्हतं आणि त्यात माझ्याबद्दल एकही शब्द नव्हता, फक्त कामाबद्दल होतं. ती माझी कसोटी झाली. वाक्यातून मला वजा करून पाहायचं. मी वजा झाल्यावर काही उरलं, तर ते कामाबद्दल आहे आणि वाचायलाच हवं. काही उरलं नाही तर ते सोडून द्यायचं, मग ती शिवी असो की स्तुती. "तुम्ही ग्रेट आहात" यातून मला वजा केलं की काय उरतं? "तिसऱ्या मिनिटाला सांगितलेल्या तुलनेमुळे मी ते पुस्तक पुन्हा उघडलं" यात मात्र पुष्कळ उरतं.

आणि जे आपल्या बाजूने तुटून पडतात त्यांना थांबवणं ही आपली जबाबदारी आहे. मी त्या माणसाला उत्तर दिलं, बाकीच्यांना आवरायला सांगितलं. आता तो नेहमी लिहितो आणि माझा सगळ्यात कामाचा वाचक तोच आहे.

अर्धविराम:

वजा करून पाहायची कसोटी फार आवडली. घेतो.

चित्रलिपी:

मी चित्रं काढते आणि टाकते. माझा अनुभव जरा वेगळा आहे. आकड्यांनी माझ्या डोक्यात हवा गेली नाही, पण हात बदलला. निळ्या रंगातली चित्रं जास्त पसंत केली जातात हे कळल्यावर निळा रंग आपसूक उचलला जायला लागला. मी ठरवलं नव्हतं. रंगांच्या डबीतला निळा संपला आणि गेरू तसाच्या तसा उरला, तेव्हा लक्षात आलं.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा एक प्रयोग मला तेव्हा आठवला. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. बक्षीस वाईट नव्हतं, अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. बक्षिसासाठी काढायचं असं आधी ठरलं, तिथे आवड ओसरली.

म्हणून मी काही चित्रं टाकतच नाही. चांगली जमलेलीसुद्धा. ती एका जाड वहीत आहेत आणि दाखवायची झालीच तर समोर बसलेल्या माणसाला दाखवते. तिथे गेरू भरपूर आहे. विशेष म्हणजे टाकलेल्या चित्रांतही हळूहळू तो परत आला.

मध्यगा:

चित्रलिपी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जोडून काही व्यवहारातल्या गोष्टी. इन्स्टाग्रामवर 2021 पासून लाइकची संख्या लपवता येते, स्वतःच्या पोस्टवरची आणि इतरांच्याही. इतरांची लपवली की जास्त फरक पडतो, कारण तुलनेला तिथूनच सुरुवात होते. चॅनलचे आकडे दाखवणारं यूट्यूब स्टुडिओचं ॲप फोनवरून काढून फक्त संगणकावर उघडायचं. त्या ॲपमध्ये नवा व्हिडिओ मागच्या दहांत कितवा आहे हे उघडताक्षणी समोर येतं. दहांत कुणीतरी दहावा असणारच, त्यात बातमी काहीच नाही, पण मन त्याला निकाल समजतं. आणि सूचना बंद. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की प्राणी सगळ्यात चिकाटीने कळ दाबत राहतो. फोन पुन्हा पुन्हा उघडण्याचं मूळ तेच आहे. ठरावीक वेळी एकदम बघितलं की तो अनिश्चितपणाच निघून जातो.

नवामाइक:

सगळ्यांचं वाचतोय. मी नुकतंच पॉडकास्ट आणि थोडे व्हिडिओ सुरू केलेत, त्यामुळे चढत्या आकड्यांची अडचण अजून यायची आहे. पण एक प्रश्न डोक्यात आला. समजा, सगळ्यात जास्त चाललेल्या व्हिडिओतच चूक सापडली. यूट्यूबवर जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल टाकता येत नाही. काढून टाकला तर व्ह्यूज जातात, ठेवला तर चूक पसरत राहते. तुम्ही काय कराल? मला वाटतं या सगळ्या चर्चेची परीक्षा तिथे होईल.

चाकोरीबाहेर:

खरं सांगायचं तर चूक छोटी असेल तर मी ठेवीन आणि वर पिन केलेल्या प्रतिक्रियेत दुरुस्ती लिहीन. ज्या व्हिडिओवर घर चालतं तो काढायला हात धजावणार नाही.

मधलीओळ:

पिन केलेली प्रतिक्रिया किती जण वाचतात? टीव्हीवर बघणाऱ्यासमोर तर ती येतच नाही बहुधा. तारीख चुकली, नाव चुकलं तर ठीक. पण समजूतच चुकीची जाणार असेल तर पिन पुरेशी नाही.

पाटीपेन्सिल:

नवामाइक, फार चांगला प्रश्न. गणितात तर हा नेहमीचाच. चूक किती मोठी ते मी बघते, व्हिडिओ किती मोठा ते बघत नाही. बोलताना जीभ घसरली, "अंश" म्हणायच्या जागी "छेद" म्हटलं आणि फळ्यावर बरोबर आहे, तर यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापून टाकता येतो. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि प्रतिक्रिया तशाच राहतात.

पण पायरीच चुकीची शिकवली असेल, म्हणजे मूल परीक्षेत तसंच करून येईल अशी चूक असेल, तर व्हिडिओ अनलिस्टेड करायचा. मग तो शोधात किंवा शिफारशीत येत नाही. ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना उघडतो, म्हणून वर्णनात पहिल्याच ओळीत आणि पिन केलेल्या प्रतिक्रियेत नव्या, दुरुस्त व्हिडिओची लिंक द्यायची. नव्या व्हिडिओच्या सुरुवातीला दोन वाक्यांत सांगायचं की आधीच्यात अमुक पायरी चुकली होती, बरोबर ही. त्यापेक्षा जास्त माफी नको, कारण लांबलेली माफी पुन्हा आपल्याबद्दलच होते. पट्टी पुढे ओढणाऱ्या मुलांना तीही ओलांडावी लागेल.

नवा व्हिडिओ जुन्याइतका चालेल का? मध्यगा यांनी सांगितलंच आहे, बहुधा नाही. चाकोरीबाहेर यांच्यासाठी हे पैशाचं नुकसान आहे आणि ते मी हलकं समजत नाही. म्हणून त्यांच्यासारख्यांनी आधी दुरुस्त व्हिडिओ करून ठेवावा, तो टाकावा, जुन्यातून लोकांना काही दिवस तिकडे पाठवावं, आणि मग जुना अनलिस्टेड करावा. एका दिवसात करण्याची सक्ती नाही, पण तारीख ठरवून वहीत लिहावी. नाहीतर "अजून थोडे दिवस" म्हणत तो तसाच राहतो.

चाकोरीबाहेर:

आधी नवा, मग जुना, आणि तारीख लिहून. हे जमेल. माझा एक व्हिडिओ आहे ज्यात करसवलतीचा जुना नियम सांगितलाय, मध्यंतरी नियम बदलला. तेव्हा बरोबर होता, आता पाहणाऱ्याला चुकीचा जाईल. तो अजूनही माझ्या पहिल्या पाचांत आहे. या आठवड्यात नवा रेकॉर्ड करतो आणि टाकला की इथे कळवतो.